पहिल्या मजल्यावरची बावीस शटरं: जुन्या शॉपिंग सेंटरच्या जागी घरं कशी होतात

माझ्या वडिलांचा शिलाईच्या सामानाचा गाळा होता. बटणं, फॉल, अस्तर, रिळं, चेन. सोलापूरच्या एसटी स्टँडपासून चालत सात-आठ मिनिटांवर, १९८०च्या दशकात बांधलेल्या एका शॉपिंग सेंटरमध्ये, पहिल्या मजल्यावर. परवा बऱ्याच वर्षांनी तो जिना चढलो. वर बावीस शटरं आहेत, त्यातली पाच उघडी होती. बाकीच्यांची खालची पट्टी गंजून पापडासारखी झाली आहे. एका शटरला कुलूप लटकतंय, पण ते ज्या कडीत अडकवायचं ती कडीच भिंतीतून निघून आली आहे. खाली तळमजल्यावर मात्र मोबाइल कव्हर, चप्पल, झेरॉक्स, चहा, पाय ठेवायला जागा नाही.

घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांनी मला आवाजावरून ओळखलं. डोळ्याला लावलेली भिंग न काढताच म्हणाले, "खालचं गिऱ्हाईक वर चढत नाही ओ आता. तुझे वडील होते तवर बायका फॉलसाठी यायच्या, जाताना माझ्याकडं सेल टाकून जायच्या. आता मी कुणाच्या जीवावर बसू?"

हा लेख त्या मजल्याबद्दल आहे. शहराच्या ऐन मध्यावर, रस्ता, वीज, नळ, ड्रेनेज सगळं पोचलेली जागा वर्षानुवर्षं बंद पडून आहे, आणि त्याच वेळी कामासाठी शहरात येणारा माणूस घर मात्र गावाबाहेर शोधतो आहे. या दोन गोष्टी एकमेकींना जोडता येतात. जगात काही ठिकाणी जोडल्या गेल्या आहेत. आपल्याकडे त्याचे कायदे, हिशेब आणि अडचणी काय आहेत, ते जमेल तितकं सोपं करून सांगतो.

आधी ही कल्पना आली कुठून ते पाहू. अमेरिका आणि कॅनडात दुसऱ्या महायुद्धानंतर लोक शहराबाहेर बंगल्यांमध्ये राहायला गेले आणि त्यांच्यामागे दुकानं गेली. एकमजली दुकानांची लांब रांग आणि समोर गाड्या लावायला भलंमोठं डांबरी मैदान, असा त्या बाजारांचा साचा. १९५६ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या इडायना इथं साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला आणि पुढं तसे मॉल देशभर झाले. पन्नास-साठ वर्षांनी यातले कितीतरी ओस पडले. तेव्हा नगररचनाकारांच्या लक्षात आलं की दुकानं मेली तरी जमीन मेलेली नाही. उलट तिथं रस्ते आहेत, पाइपलाइन आहे, मालक एकच आहे आणि निम्म्याहून अधिक जागा तर नुसतं पार्किंग आहे. कोलोरॅडोतल्या लेकवुडमध्ये जुना मॉल पाडून तिथं बेलमार नावाची अख्खी वस्ती वसली, खाली दुकानं आणि वर घरं. कॅनडात व्हँकुव्हरशेजारच्या बर्नबीमध्ये १९६१ सालचा ब्रेंटवुड मॉल होता. २००२ मध्ये त्याच्या दारात स्कायट्रेन या तिथल्या मेट्रोचं स्टेशन आलं आणि नंतर त्या पार्किंगच्या जागी उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. कॅलिफोर्नियानं तर २०२२ मध्ये कायदाच केला की व्यापारी रस्त्यांवरच्या जमिनीवर ठरलेल्या अटी पाळून घरं बांधणाऱ्याला परवानगीसाठी वर्षानुवर्षं ताटकळत ठेवायचं नाही.

'स्टेशनजवळ' हा यातला कळीचा शब्द. नियोजनाच्या भाषेत त्याचा अर्थ साधारण ५०० ते ८०० मीटर, म्हणजे सहा ते दहा मिनिटांची चाल. त्यापलीकडे गेलं की माणूस गाडी काढतो. आपल्या केंद्र सरकारनं २०१७ मध्ये याच विचारावर राष्ट्रीय धोरण आणलं. पुण्यात आणि नागपुरात मेट्रोलगत जास्त बांधकामाची मुभा मिळते तीही याच विचारातून.

सोलापुरात मेट्रो नाही आणि नजीकच्या काळात येण्याचं कारणही नाही. म्हणून हा विषय आपला नाही असं कुणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. आपल्याकडे रेल्वे स्टेशन आहे, तिथून फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारत सुटते. शिवाजी चौकात एसटी स्टँड आहे, जिथं अक्कलकोट, पंढरपूर, बार्शी, तुळजापूरच्या गाड्यांनी सकाळी सहापासून माणसं उतरतात. सात रस्त्याला सिटी बसचा डेपो आहे. आणि शेअर रिक्षा आहेत, ज्यांच्यावर या शहराचा निम्मा प्रवास चालतो. नवी पेठ, पार्क चौक, भैय्या चौक, सात रस्ता हा पट्टा एवढा आटोपशीर आहे की त्यातल्या कुठल्याही जुन्या शॉपिंग सेंटरपासून स्टँड किंवा स्टेशन यांपैकी एक तरी सहज गाठता येतं.

शिवाय खाली धंदा, वर घर ही कल्पना सोलापूरला बाहेरून शिकायची गरज नाही. पूर्व भागात पद्मशाली कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं. खालच्या खोलीत माग, वर किंवा मागं संसार. मिलच्या चाळी मिलच्या भोंग्याच्या टप्प्यात होत्या, कारण भोंगा झाला की कामगार चालत फाटकाशी पोचला पाहिजे. काम आणि घर यांच्यात चालण्याएवढंच अंतर, हा या गावाचा जुना स्वभाव आहे. तो मोडला गेल्या तीस-चाळीस वर्षांत, जेव्हा शहर विजापूर रोडनं जुळे सोलापूरकडं आणि होटगी रोडनं पसरत गेलं आणि घरामागं एक, पुढं दोन मोटारसायकली आल्या.

इमारत पाडायचीच का?

पाडायलाच पाहिजे असं नाही. चाळीस वर्षांची प्रत्येक इमारत काही धोकादायक नसते. पण आमच्या सेंटरच्या जिन्याखाली उभं राहून वर बघितलं तर स्लॅबचं प्लास्टर ताटाएवढं निघालेलं दिसतं आणि आतली सळई लालसर, सोललेली दिसते. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. काँक्रीटच्या आत सळई सुरक्षित असते, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यात लोखंड गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो आणि तो अल्कधर्मीपणा कमी होतो. त्यात वरच्या टाकीचं पाणी गळत असेल तर सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीटला ढकलतो, भेग पडते, भेगेतून आणखी पाणी जातं. पुढची पडझड मग वेगानं होते.

तपासणीला आलेला इंजिनिअर हातोडीनं खांबावर टकटक करतो तेव्हा तो हेच ऐकत असतो. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद वाजतं. मग यंत्रानं वरच्या थराचा कठीणपणा मोजतात, ध्वनिलहरी आरपार सोडून आतली पोकळी शोधतात. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी करून घेणं महापालिका क्षेत्रात बंधनकारक आहे. दुरुस्तीचा खर्च आणि नव्या बांधकामाचा खर्च यांची तुलना त्या अहवालाशिवाय होऊच शकत नाही. माझं स्पष्ट मत आहे की अहवाल हातात नसताना पुनर्विकासाची बैठक बोलावणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

वीस गुंठ्यांचा हिशेब

आता गणित. हे एकदा नीट समजलं की पुढच्या अर्ध्या गप्पा समजतात.

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, सोलापूरही तिच्यातच येतं. दाट वस्तीच्या जुन्या पेठांसाठी तिच्यात वेगळा तक्ता आहे. त्याबाहेरच्या भागात मूळ एफएसआय १.१ आहे. त्यावर सरकारकडे पैसे भरून प्रीमियम एफएसआय घेता येतो आणि बाजारातून टीडीआर विकत घेता येतो. टीडीआर म्हणजे कुणाची तरी जागा रस्त्याला किंवा बागेला गेली, त्याबदल्यात त्याला मिळालेला आणि विकता येणारा बांधकामाचा हक्क. हे सगळं मिळून किती करता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर १.१ वरच थांबा. १८ मीटरचा असेल तर २.५ पर्यंत. ३० मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर ३ पर्यंत. याशिवाय जिने, लिफ्ट, गॅलऱ्या, भिंती यांची जागा भागावी म्हणून घरांना ६० टक्के आणि दुकानांना ८० टक्के जादा क्षेत्र पैसे भरून मिळतं.

वीस गुंठ्यांचा प्लॉट धरू, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. समोर १८ मीटरचा रस्ता. २.५ च्या हिशेबानं ५,००० चौरस मीटर झाले. जिने-भिंती त्या जादा क्षेत्रात बसवल्या असं समजू. त्यातले जुने ८० गाळे प्रत्येकी १५ चौरस मीटरचे धरले तर १,२०० चौरस मीटर त्यांना गेले. उरले ३,८००. त्यात ४५ चौरस मीटरची, म्हणजे साधारण ४८५ चौरस फुटांची, ८४ घरं होतात.

हीच ८४ घरं गावाबाहेर प्रत्येकी एक गुंठ्याच्या प्लॉटवर बांधायची म्हटली तर ८४ गुंठे लागतील. दोन एकरांहून जास्त, आणि तेही रस्ते, गटार, मोकळी जागा न धरता. ती सगळी पाइपलाइन, ते दिवे, ती घंटागाडीची फेरी शेवटी महापालिकेच्या तिजोरीतूनच जाते.

पण याच गणितात धोकाही आहे. बिल्डरचा खर्च निघतो विक्रीच्या घरांतून, म्हणून त्याचा कल ८४ लहान घरांऐवजी ३५ मोठे फ्लॅट काढण्याकडे असतो. मोठा फ्लॅट घेणाऱ्याकडे दोन चारचाक्या असतात, तो स्टँडवर चालत जात नाही. म्हणजे जागा स्टेशनजवळची, घर मात्र गाडीवाल्याचं. असं झालं तर या सगळ्या खटाटोपाचा मूळ हेतूच हरवतो. नर्स, दुकानातली मुलगी, एसटीचा कंडक्टर, बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं, यांना ३० ते ४५ चौरस मीटरचं घर हवं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराचं चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलेलं आहे, त्याला काही कारण आहे. महापालिकेच्या मालकीच्या जागेवर तरी घरांचा आकार निविदेतच लिहून टाकता येतो.

जमीन कुणाची?

इथं बहुतेक प्रकरणं अडकतात. बाहेरून सारखी दिसणारी शॉपिंग सेंटरं कागदावर अगदी वेगळी असतात.

महापालिकेची मेजर आणि मिनी शॉपिंग सेंटरं आहेत, तिथं जमीन आणि इमारत दोन्ही महापालिकेची. गाळेधारक हा भाडेपट्ट्यावर बसलेला. त्याचा हक्क किती, हे त्याच्या करारावर आणि महापालिका अधिनियमावर ठरतं. पट्ट्याची मुदत संपलेली असेल तर तो कायद्यानं फार कमकुवत जागी उभा असतो, मग दुकानाला चाळीस वर्षं झालेली असोत. पण मालक एकच असल्यामुळं निर्णयाचा रस्ता सरळ आहे, हेही खरं.

दुसरा प्रकार खासगी. बिल्डरनं गाळे विकले, पैसे घेतले आणि जमीन मात्र कधी नावावर करून दिलीच नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून मूळ मालकाचं, नाहीतर त्याच्या सात वारसांचं नाव. गाळेधारकांना वाटतं आपण मालक आहोत, आणि ते असतात फक्त आपल्या चार भिंतींचे. याला उपाय आहे. १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यातली 'फ्लॅट' या शब्दाची व्याख्या दुकान, ऑफिस, गोदाम यांनाही धरते. त्याच कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, म्हणजे मालक सही करत नसला तरी जमिनीचा हक्क संस्थेच्या नावावर होऊ शकतो. आमच्या सेंटरमध्ये संस्था नोंदवायचीच राहून गेली. वडील दरवर्षी म्हणायचे, यंदा दिवाळीनंतर करू. ते गेले, बिल्डरही गेला, आणि आता सह्या गोळा करायला सतरा बंद शटरांच्या मागची माणसं शोधावी लागताहेत. एक हैदराबादला आहे, दोघांच्या घरात वाटणीचे वाद चालू आहेत.

तिसरे भाडेकरू. त्यांना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. पाडून पुन्हा बांधायचं तर मालकाला कोर्टासमोर ते सिद्ध करावं लागतं.

हाउसिंग सोसायटीच्या पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली शासनानं कार्यपद्धती घालून दिली आहे. २०१९ च्या आदेशानं सभासदांची संमती ५१ टक्क्यांवर आणली. बिल्डरकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्यायची, काम दोन वर्षांत आणि अपवाद म्हणून तीन वर्षांत संपवायचं, अशा अटी त्यात आहेत. गाळ्यांच्या संस्थांना ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नसेल तिथंही करारात याच अटी घालून घ्यायला कुणाची आडकाठी नाही. एक गैरसमज इथंच दूर करतो. अनेकांना वाटतं, महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आहे, काळजी कशाला. रेरा नवं घर विकत घेणाऱ्याचं रक्षण करतं. जुन्या गाळेधारकाला बदल्यात मिळणारा गाळा ही विक्री नसते, त्यामुळं त्याचं खरं संरक्षण म्हणजे त्याचा स्वतःचा नोंदणीकृत करार. त्यात गाळ्याचं क्षेत्र, मजला, रस्त्याकडचं तोंड, काम चालू असतानाचं भाडं आणि ते भाडं थकलं तर काय, हे सगळं आकड्यांत असलं पाहिजे.

आणि बांधकाम चालू असताना दुकान कुठं चालवायचं? घर तीन वर्षं भाड्यानं घेता येतं, धंदा तसा हलत नाही. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडं गेलं की गेलं. त्यामुळं जिथं प्लॉट पुरेसा आहे तिथं काम दोन टप्प्यांत करावं. आधी पार्किंगच्या किंवा मागच्या मोकळ्या भागावर दुकानांचा भाग बांधायचा, गाळे तिकडं हलवायचे, मग जुनी इमारत पाडायची. याला वेळ आणि पैसा जास्त लागतो. तरीही मी याच बाजूचा आहे. दाट वस्तीची घरं बांधून झाली आणि खालचे जुने दुकानदार तोवर मोडून पडले, तर त्या जागेत मिळवलं काय?

पाण्याचं कसं करणार?

सोलापूरकर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, आणि तेच बरोबर आहे. उजनी भरलेली असली तरी आपल्या नळाला पाणी तीन-चार दिवसांआड येतं. दिवसाला माणशी १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचं प्रमाण. ८४ घरांत घरटी चार माणसं धरली तर ३३६ माणसं, म्हणजे रोज साधारण ४५,००० लिटर. चार दिवस पुरवायचे तर १ लाख ८० हजार लिटरची साठवण लागेल. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर खोल एवढी जमिनीखालची टाकी. ती नकाशात पहिल्या दिवसापासून असायला हवी. नंतर टाकी करू म्हणणाऱ्या इमारतींसमोर उन्हाळ्यात टँकरची रांग लागते, ते आपण बघतोच. याच्या जोडीला सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते संडासाच्या फ्लशला वापरलं तर ताज्या पाण्याची गरज बरीच खाली येते. तेवढीच माणसं गावाबाहेर राहिली असती तर त्यांना पाणी कमी लागलं असतं असं नाही. फक्त त्यांच्यासाठी पाइपलाइन आणखी काही किलोमीटर टाकावी लागली असती.

उंचीचंही एक बघावं लागतं. विमानतळ होटगी रोडला, शहराला चिकटून आहे. विमानांच्या मार्गातला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. त्या बाजूच्या उंच इमारतीला विमानतळ प्राधिकरणाचा दाखला आधी घ्यावा. पण दाट म्हणजे टोलेजंग असं कुणी समजू नये. वरच्या हिशेबातली ८४ घरं सात-आठ मजल्यांत बसतात.

शहराबाहेरच्या घरांना मी कमी लेखत नाही. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला आधी विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं झाली. मग तिथंच रे नगर उभं राहिलं. तीस हजार घरांच्या त्या वसाहतीतली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. ज्यांनी आयुष्यभर भाड्याच्या खोलीत विड्या वळल्या त्यांच्या हातात स्वतःच्या घराची किल्ली आली, हे फार मोठं काम आहे. पण तिथून शहरात कामाला येणाऱ्या बाईला विचारा, बस चुकली तर काय होतं. रिक्षाचे पैसे त्या दिवसाच्या मजुरीतून जातात. ज्या शहरात तीस हजार घरं गावाबाहेर होऊ शकतात, त्या शहरात निदान तीन हजार स्टँड आणि स्टेशनच्या चालण्याच्या टप्प्यात का होऊ नयेत? आणि नव्या घरांत राहायला येणाऱ्या माणसाला सिटी बस दर दहा-पंधरा मिनिटांनी मिळाली नाही तर तोही शेवटी मोटारसायकलच घेईल. इमारतीची परवानगी आणि बसचं वेळापत्रक एकाच टेबलावर ठरायला हवं.

परवा निघताना मी काकांना विचारलं, कराराचा कागद आहे का? त्यांनी ड्रॉवरच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्टँप पेपर काढला. त्यावर गाळ्याचं क्षेत्र १२० चौरस फूट लिहिलेलं. मी खालच्या हार्डवेअरवाल्याकडून टेप आणला. काकांनी एक टोक धरलं, मी दुसरं. एका कोपऱ्यात खांब आत आलेला आहे, तो सोडून ११२ भरलं. बिल्डर आला तर तो ११२ मोजणार, कागद १२० म्हणणार, आणि या आठ फुटांवरून बैठका होणार. काकांनी खडू घेतला आणि दोन्ही आकडे तारखेसकट शटरच्या आतल्या बाजूला लिहिले. मग म्हणाले, "शेजारच्याचं पण मोजू या की. त्याची किल्ली माझ्याकडंच असते."